पतंग बसलेला असताना त्याच्या मिशा कुठे जातात?

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीजवळ पाहुण्यांच्या घरी सोप्याच्या तुळईला हॉक मॉथ घराण्यातला एक पतंग चिकटून बसला होता. हिरवा-गुलाबी, बोटाएवढा. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेलेला. परड्यात तगरीची दोन झाडं होती, त्यामुळे त्याचं तिथं असणं साहजिकच होतं, कारण ह्या पतंगाची अळी कण्हेर आणि तगर खाऊन वाढते. घरातली आठ वर्षांची पोर स्टुलावर चढली, बराच वेळ निरखत राहिली आणि म्हणाली, "काका, ह्याला मिशाच नाहीत की!"

नवशिक्यांच्या नजरेतून जे सहसा सुटतं, तेच पोरीनं टिपलं होतं. मिशा होत्या, पण पुढच्या पंखाच्या कडेखाली मागे सरकवून ठेवलेल्या. साडेसातच्या सुमाराला बाहेर अंधारलं तेव्हा त्या बाहेर आल्या, मग पतंगाचं अंग थरथरायला लागलं आणि थोड्या वेळात तो उडून गेला. त्या दिवसापासून ती पोर भिंतीवरच्या प्रत्येक पाखराच्या मिशा शोधते. पतंग बघायला तुम्ही नव्यानं सुरुवात करत असाल तर तुम्हीही तिथूनच करा, असं मला मनापासून वाटतं.

त्याला कारण आहे. पंखांवरची नक्षी म्हणजे बारीक खवल्यांची मांडणी. चार दिवस उडालेला, पावसात भिजलेला पतंग निम्मे खवले गमावून बसतो, फिक्कट पडतो आणि पुस्तकातल्या चित्राशी जुळेनासा होतो. मिशांचा घाट आणि त्या ठेवायची ढब मात्र नवा असो की जुना, तशीच राहते. शिवाय हे बघायला काही विकत घ्यावं लागत नाही.

आधी शब्दांचं. आपल्या भागात दिव्यावर येणाऱ्या सगळ्यांनाच पाखरं म्हणतात. कन्नडमध्ये फुलपाखराला चिट्टे आणि पतंगाला पतंगच म्हणतात, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारताना अडत नाही. मिशांना पुस्तकी शब्द शृंगिका. मी मिशाच म्हणणार आहे.

मिशीचे भाग तीन: डोक्यात बसलेला जाडसर बुंधा, त्यावरचा छोटा मणी आणि त्यापुढे लांब दोरी. मिशी हलवणारे स्नायू बुडाशीच असतात, दोरीत एकही नसतो. म्हणून पतंग मिशी आपल्या बोटासारखी मधेच वाकवू शकत नाही, घड्याळाचा काटा फिरावा तशी बुडापासून अख्खी फिरवतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं: बसलेल्या पतंगाची मिशी कुठे शोधायची, तर डोळ्याजवळच्या बुंध्यापासून निघून ती कोणत्या दिशेला गेली आहे ते बघायचं.

कधी आणि कुठे बघायचं

पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंतचा काळ आपल्याकडे चांगला. त्यातही जूनचे पहिले दोन आठवडे आणि पाऊस ओसरल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. २०१२ पासून जगभर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंग सप्ताह पाळतात, पण त्या दिवसांत कणकुंबी-आमगावकडे पाऊस असा कोसळत असतो की बाहेर कापड बांधायची सोयच उरत नाही. तेव्हा सोपा, ओसरी, गोठ्याची भिंत ह्यांवरच भागवायचं, आणि ते काही कमी नाही. अवसेच्या आसपासची, ढगाळ, वारा पडलेली, उकाड्याची रात्र मिळाली तर झोप सोडून बसा.

बेळगाव शहरात राहणाऱ्यांनी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीजवळच्या घरांचे कठडे आणि जिने सकाळी बघावेत. खानापूर तालुक्यात तर प्रत्येक गावात देवळाची पांढरी भिंत आहे. निपाणी-चिकोडीकडे जंगल नाही म्हणून हिरमुसू नका. ऊस, तंबाखू, मका आणि सोयाबीनच्या शिवारातले पतंग वेगळे असतात आणि अभ्यासाला जास्त सोपे, कारण तेच ते पुन्हा पुन्हा दिसतात. भीमगडच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री दिवा लावायचा नाही. २०११ साली ते अभयारण्य झालं, आणि तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं वटवाघूळ फार दुर्मीळ आहे. आपल्या हौसेचा उजेड तिथं नको.

दिव्याबद्दल एकच सांगतो. नव्या एलईडीवर पाखरं कमी येतात, कारण त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. जुनी ट्यूबलाइट किंवा मर्क्युरीचा दिवा असेल तर तो लावा. त्यामागं पांढरं धोतर किंवा चादर ताणून बांधा. दिव्याभोवती गरगर फिरणाऱ्या पतंगाकडे तूर्त लक्ष देऊ नका. कापडाच्या कडेला, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, कुंडीच्या सावलीत जे शांत बसले आहेत ते आपले. खरंतर त्याहून चांगली वेळ पहाटेची. साडेपाच ते साडेसहा, उजेड फुटताना, बुलबुल आणि साळुंक्या भिंतीवर यायच्या आत. तेव्हा पतंग पूर्ण विसावलेला असतो आणि मिशांची ठेवणही पक्की झालेली असते.

डोळा कुठे न्यायचा

सगळे वरून बघतात, फोटोही वरूनच काढतात. वरून मिशा बहुतेकदा दिसत नाहीत. भिंतीवरच्या पतंगाच्या डोक्याच्या पातळीला डोळा आणा, बाजूनं बघा, मग समोरून. बॅटरीचा झोत थेट अंगावर टाकू नका. भिंतीला घासून जाईल असा बाजूनं टाका. मिशीची सावली भिंतीवर पडते आणि जी गोष्ट केसासारखी बारीक म्हणून सुटत होती ती सावलीमुळे सापडते. बॅटरीच्या काचेवर तांबडा जिलेटिन कागद लावला तर आणखी बरं, पतंगांना तांबडा उजेड कमी जाणवतो.

काडीनं, गवताच्या पात्यानं मिशी बाहेर ओढून बघायची नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी हे केलं आणि एका पतंगाची मिशी अर्ध्यात मोडली. ती परत येत नाही. पतंगाच्या अवस्थेत आल्यावर तो पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे मोडलं ते मोडलं. मिशी मोडलेल्या पतंगाचं काय होतं ते पुढे येईलच.

बसण्याच्या ढबी

पहिली आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी: मिशा मागे वळवून पंखाखाली लपवलेल्या. हॉक मॉथ बहुतेकदा असेच बसतात. तिळाच्या पानांवर वाढणारा, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला मोठा पतंग तुम्ही पाहिला असेल. घरात आला की म्हातारी माणसं त्याला अशुभ मानून घाबरतात. त्याला हात लावला तर तो चिरकतो, एवढंच. तोही दिवसा मिशा अंगाखाली घेऊन झाडाच्या सालीवर पडून राहतो. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना ज्या अळीनं छळलंय, त्या पानं खाणाऱ्या अळीचा पतंगही ह्याच ढबीत बसतो. पंख घराच्या छपरासारखे उतरते, त्यावर फिक्या रेघांचं जाळं, आणि मिशा छपराच्या कडेला किंवा खाली मागे नेलेल्या. असा पतंग दिसला आणि मिशा सापडल्या नाहीत, तर वहीत "मिशा दिसल्या नाहीत" असं न लिहिता "मिशा पंखाखाली" असं लिहा, मात्र दोन्ही बाजूंनी खात्री करूनच. लपवणं हीसुद्धा एक ठेवण आहे.

दुसरी ढब ओळखायला सर्वांत सोपी: लांब, सुतासारख्या मिशा मागे वळवून पाठीवर, पंखांच्या वर टेकवलेल्या. भाताच्या शिवारात गवतातून चालताना पायांपुढून फुर्रकन उडणारे गवती रंगाचे छोटे त्रिकोणी पतंग बघा. भाताची पानं गुंडाळणारी अळी ज्याची, तो त्यातलाच. वांग्यात शिरणाऱ्या अळीचा पांढरट पतंगही ह्याच मोठ्या घराण्यातला. तो बसला की पोटाचं टोक वर उचलून धरतो, तेवढ्यावरून परड्यात तो लांबूनही कळतो. ह्या घराण्यात मिशा जवळजवळ अंगाएवढ्या लांब असतात, त्यामुळे दोन समांतर दोरे पाठीवर टाकल्यासारखे दिसतात.

उंटासारखी कमान करत चालणाऱ्या अळ्यांचे पतंग भिंतीला कागद डकवल्यासारखे सपाट बसतात. त्यांच्यात एकच एक नियम नाही, काही पंखावर टेकवतात, काही खाली घेतात. इथं घाई करू नका.

आता पिसासारख्या मिशा. ॲटलास मॉथ चोर्ला घाटाच्या परिसरात भाग्य असेल तर दिसतो. पंखांचा विस्तार वीतभराहून मोठा. त्याला बसलेला पाहिला की मिशा लपवल्याच नाहीत हे लगेच लक्षात येतं: दोन छोटी पिसं डोक्याच्या दोन्ही बाजूंना उघडी पसरलेली. नराची पिसं रुंद, मादीची अरुंद. ह्या मोठ्या पतंगाला खाता येत नाही, तोंडाचे भाग निकामी असतात. अळी असताना साठवलेल्यावर थोडे दिवस काढायचे आणि तेवढ्यात नरानं मादी शोधायची. तिचा वास हवेतून पकडायचं काम ह्या पिसांचं.

वासाचं हे काम किती सूक्ष्म आहे ते रेशमाच्या पतंगावरून कळलं. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ साली रेशमाच्या मादीचा गंध वेगळा काढला, तेव्हा त्याला सुमारे ५ लाख माद्या लागल्या होत्या. नराच्या मिशांना तो गंध हवेतल्या काही कणांवरूनही कळतो. आपल्या शेतातले कामगंध सापळे ह्याच तत्त्वावर चालतात. मक्यावरची लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकातच, शिवमोग्ग्याकडे सापडली, आणि त्यानंतर आपल्याकडच्या बांधाबांधावर ते पिवळे-हिरवे सापळे दिसायला लागले. सकाळी सापळा रिकामा करणारा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याच्याबरोबर जा. आत सापडलेले सगळे नर असतात. भिंग घेऊन त्यांच्या मिशा बघा, इतक्या जवळून बघायची अशी संधी दुसरीकडे मिळत नाही.

शेवटची ढब म्हणजे मिशा पुढे किंवा बाजूला ताठ, उघड्या. दिवसा फुलांवर फिरणारा काळा, पारदर्शक खिडक्यांच्या पंखांचा, पोटावर पिवळे पट्टे असलेला पतंग गांधीलमाशीसारखा दिसतो. तो बसला तरी मिशा उघड्याच ठेवतो. त्याच्या काही भाईबंदांच्या मिशांची टोकं पांढरी असतात आणि काळ्या अंगापुढे ती हलताना फार सुरेख दिसतात.

फसवणाऱ्या गोष्टी

ह्या भागावर मी मुद्दाम जास्त वेळ घेतो, कारण नवख्यांचे बहुतेक गोंधळ इथेच होतात.

काही पतंगांच्या तोंडापुढे चोचीसारखा भाग आलेला असतो. भाताच्या खोडकिड्याची पिवळी मादी, जिच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो, ती बघा. ती चोच म्हणजे मिशा नव्हेत, ओठाचे लांबलेले भाग आहेत. मिशा डोळ्याजवळून वरून निघतात, चोच डोळ्याच्या खालून. एवढा फरक धरला की पुरे.

दुसरी फसगत केसाळ पतंगांची. ज्यांच्या सुरवंटानं अंगाला खाज सुटते त्यातले बरेच पतंग बसताना पुढचे दोन पाय पुढे ताणून ठेवतात. पाय इतके केसाळ असतात की लांबून जाड मिशाच वाटतात. खऱ्या मिशा त्या पायांच्या मागच्या बाजूला, फणीसारख्या, चेहऱ्याला लावून ठेवलेल्या असतात. हे पतंग हातात घेऊ नका, केस अंगाला लागले तर चुणचुणतात.

तिसरी, मलप्रभेच्या काठच्या घरांत हमखास होणारी. कणकुंबीला नदी उगम पावते तिथपासून खाली, ओढ्याजवळच्या दिव्यावर तपकिरी, छपरासारख्या पंखांची पाखरं येतात आणि लांबच लांब मिशा सरळ पुढे धरून बसतात. हे कॅडिसफ्लाय, पाण्यात वाढणारे किडे, पतंगांचे जवळचे नातेवाईक. त्यांच्या पंखांवर खवले नसतात, केस असतात. मिशा पुढे ताणलेला तपकिरी "पतंग" दिसला की आधी ही शंका घ्यायची.

आणि चौथी, फुलपाखराची. तिन्हीसांजेला घरात शिरणारं, वाळक्या पानासारखं, पंख पाठीवर मिटून बसणारं फुलपाखरू पुष्कळांना पतंग वाटतं. दिव्यावर येतं म्हणून ते पतंग होत नाही. पंख मिटले तरी त्याच्या मिशा पुढे उघड्या राहतात आणि टोकाशी किंचित जाड असतात. फुलपाखरं मिशा पंखाखाली दडवत नाहीत. अर्थात टोकाशी जाड मिशा असलेले पतंगही जगात आहेत, म्हणून एका खुणेवर निकाल लावू नका. बसण्याची पद्धत, अंगाचा जाडपणा आणि मिशांची ठेवण तिन्ही मिळून ठरवा.

मिशा का दडवतात

मिशी नाजूक असते, आणि दोन काळे दोरे बाहेर राहिले तर सालीशी एकरूप झालेल्या पतंगाची रेघ उठून दिसते. पक्ष्याला तेवढं पुरतं. उडताना मात्र त्याच मिशांशिवाय चालत नाही. मिशीच्या दुसऱ्या भागात, त्या छोट्या मण्यात, हालचाल टिपणारं एक इंद्रिय असतं. शास्त्रज्ञ संजय साने आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हॉक मॉथवर दाखवलं की मिशीची दोरी कापली तर पतंगाचा उडताना तोल जातो, आणि तीच दोरी परत चिकटवली की तो सावरतो. म्हणून माझ्या हातून मोडलेली ती मिशी मला अजून डाचते. साने पुढे बंगळुरूच्या एनसीबीएस ह्या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आले, आणि तिथं आपल्या कण्हेर-तगरीवरच्या हॉक मॉथवरच काम झालं: उडताना मिशा नेमक्या कुठे धरायच्या हे बुडाशी असलेल्या बारीक केसांवरून ठरतं. जांबोटीच्या तुळईवर दिसला तोच हा पतंग.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. पतंग मिशांनी ऐकत नाहीत. वटवाघळाची चाहूल घेणारे कान बऱ्याच पतंगांना असतात, पण ते बहुतेकदा छातीवर किंवा पोटावर असतात.

उठायची वेळ

इतकं वाचून कंटाळा आला असेल तरी एक संध्याकाळ माझ्या सांगण्यावरून काढा. दिवसभर भिंतीवर बसलेला एखादा जाड अंगाचा पतंग हेरून ठेवा आणि सूर्य मावळल्यावर तिथं स्टूल टाकून बसा. बॅटरी बंद, बाहेरच्या उजेडात दिसेल तेवढंच बघायचं. आधी मिशा बाहेर येतात, कधी दोन्ही एकदम, कधी एक आधी. मग पंख थरथरतात, जणू थंडी वाजते आहे. खरंतर तो अंग तापवत असतो. हॉक मॉथच्या छातीचं तापमान साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत चढलं की तो झेप घेतो. पावसाळी गार संध्याकाळी ह्याला जास्त वेळ लागतो आणि आपल्याला निवांत बघायला मिळतं. मिशा पुढे आल्यात म्हणजे तो उठला आहे, अशा वेळी काढलेल्या फोटोला "बसलेला पतंग" म्हणायचं नाही.

फोटो आणि वही

फोन पुरेसा आहे. तीन फोटो काढा: वरून, बाजूनं, समोरून. समोरचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त राहून जाणारा. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ओळख विचारताना तिन्ही द्या. भारतात दहा हजारांहून जास्त प्रकारचे पतंग आहेत, नाव लगेच मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. घराणं कळलं तरी पुष्कळ झालं, आणि ते मिशांवरून बरंचसं कळतं.

काम झालं की दिवा बंद करा, रात्रभर चालू ठेवू नका. दिव्याखाली अडकलेल्या पतंगाची रात्र फुकट जाते आणि त्याच्याकडे रात्री मोजक्याच असतात. कापड काढताना झटकू नका, एकेक पतंग बोटावर किंवा कागदावर घेऊन जवळच्या झुडपात सोडा. पाली आणि सकाळचे पक्षी कापडाभोवती टपलेले असतातच.

वहीत काय लिहायचं त्याचा नमुना माझ्याच वहीतून देतो:

"१२ जून. सोप्याची तुळई, लाकूड, जमिनीपासून सात फूट. संध्याकाळी ५ वाजता बसलेला, पंख मागे झुकलेले. दोन्ही मिशा पुढच्या पंखाखाली, डावीचं टोक किंचित बाहेर. पाऊस थांबलेला, वारा नाही. ७.२५: उजवी मिशी बाहेर. ७.२६: डावी. ७.२७: थरथर सुरू. ७.३१: उडाला, तगरीकडे."